आतला टॅग

कंपनीत त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं. बाकी सगळ्यांसाठी ते नंबरदादा! औषधांच्या त्या भल्यामोठ्या शीतगोदामात सत्तावीस वर्षं त्यांनी तारा ओढल्या, स्विच बसवले, आणि हाताला जे जे लागलं त्यावर नंबर टाकला. केबलच्या दोन्ही टोकांना नंबर, खोक्यांना नंबर, इतकंच काय, शिडीच्या पायऱ्यांनासुद्धा नंबर. घरीही तीच तऱ्हा. डब्यांवर, चाव्यांवर, मुलीच्या वह्यांवर, सगळीकडे त्यांचं ते गोलसर, ठसठशीत अक्षर.

"माझ्या कपाळावर तेवढा टाकायचा राहिलाय," आई म्हणायची.

"तुझा नंबर सगळ्यांना माहितेय. लिहायला कशाला पाहिजे?" ते गंभीर चेहऱ्याने उत्तर द्यायचे, आणि आई हसू दाबत स्वयंपाकघरात पळायची.

त्यांची मुलगी त्याच कंपनीत नेटवर्क इंजिनीअर म्हणून लागली, तेव्हा गोदामात सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. तिचं नव्हे, त्यांचं! लहानपणी केसांना कंगवा लावू द्यायची नाही म्हणून ते तिला झिपरी म्हणत. आता केस कापलेले, गळ्यात ओळखपत्र, हातात लॅपटॉप, पण घरात झिपरी ती झिपरीच. ऑफिसात मात्र दोघांची पंचाईत. तिला सगळ्यांसमोर 'बाबा' म्हणायची लाज वाटे, म्हणून तीही 'नंबरदादा' म्हणायची. मग ते मुद्दाम वाकून म्हणत, "बोला इंजिनीअरबाई."

आता टॅग म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, तेव्हा जरा धीर धरा, फार अवघड नाहीये. एकाच तारेतून सगळ्यांच्या माहितीची पाकिटं धावतात. ऑफिसची, कॅमेऱ्यांची, शीतखोल्यांमधल्या तापमानाच्या सेन्सरांची. ती एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक पाकिटावर एक छोटासा नंबर चिकटवतात, तोच टॅग. ऑफिसचा दहा, कॅमेऱ्यांचा वीस, सेन्सरांचा तीस. पुढचा स्विच नंबर वाचतो आणि पाकीट बरोबर ज्याच्या त्याच्याकडे पोचवतो. नंबरदादांसारख्या माणसासाठी याहून सुंदर व्यवस्था जगात असूच शकत नव्हती.

झिपरीचं काम याच्या पुढचं. कंपनीने शहराबाहेर नवी इमारत घेतली. तिथे मोठाले सर्व्हर, आणि त्या सर्व्हरांच्या पोटात खरे नसलेले, नुसते प्रोग्रॅमने बनवलेले स्विच. जुनं गोदाम आणि नवी इमारत यांच्यामध्ये तिने ओव्हरले उभारला. म्हणजे दुसऱ्याच्या रस्त्यातून काढलेला आपला खासगी बोगदा. या टोकाला आख्खं पाकीट एका मोठ्या लिफाफ्यात घालायचं, बोगद्यातून पाठवायचं, त्या टोकाला लिफाफा फोडायचा. लिफाफ्यावर वेगळा नंबर, आत पाकिटाचा स्वतःचा टॅग वेगळा.

तिच्या आयुष्यातलं हे पहिलं मोठं काम. महिनाभर ती घरी दुसरं काही बोलतच नव्हती. नंबरदादा जेवता जेवता कान देऊन ऐकायचे, आणि घास तसाच हातात धरून अगदी मोजके प्रश्न विचारायचे.

"लिफाफा फोडल्यावर आतल्या टॅगचं काय होतं?"

"ठेवायचा म्हटलं तर राहतो, बाबा. तसं सांगता येतं."

"कोणाला सांगायचं? या टोकाला की त्या?"

"दोन्हीकडे. सोप्पंय हो!"

सोप्पंच होतं. एका शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तिने जुनी जोडणी बंद करून सेन्सरांची सगळी वाहतूक बोगद्यात सोडली. ती नव्या इमारतीत पडद्यासमोर, नंबरदादा जुन्या गोदामात स्विचसमोर, मध्ये फोन. त्या दुपारी त्यांनी जुन्या स्विचच्या सगळ्या तारा काढून पुन्हा नीट लावल्या होत्या. तिने आपल्या टोकाकडून एक चाचणीचं पाकीट पाठवलं. गेलं. उत्तर आलं. पडद्यावर हिरवा ठिपका! तिने खुर्चीतच गिरकी घेतली.

"झालं, बाबा! लागलं!" आनंदाच्या भरात ऑफिसातलं नावही विसरली.

"थांब. हे पाकीट टॅगचं होतं की बिनटॅगचं?"

"बिनटॅगचं. पण रस्ता तर एकच आहे ना?"

"रस्ता एक असेल. पण मी इकडून तीस नंबरचा टॅग घालून एक पाठवतो, तू तिकडे उघडून मला वाचून दाखव. मग झालं म्हणू."

ही त्यांची जुनी सवय. कोणतंही काम झालं की पलीकडच्या टोकाला माणूस उभा करायचा आणि पोचलेला नंबर मोठ्याने वाचून घ्यायचा. त्याशिवाय पान्हा पिशवीत जायचा नाही. गोदामातली जुनी माणसं त्यांची नक्कल करायची, "वाच रे, वाच, मोठ्याने वाच!"

झिपरीच्या मागे तिच्या टीममधले चौघे जण टाळ्या वाजवत उभे होते. त्यांच्यासमोर बापाला फोनवर नंबर वाचून दाखवायचा? ती हसली.

"अहो, पडद्यावर सगळ्या खोल्यांचं तापमान दिसतंय. चार अंश, चार अंश, पाच अंश. आता आणखी काय वाचू? घरी या, आई वाट बघत असेल."

मग ते म्हणाले, "बरं. तू म्हणतेस तर."

पडद्यावर दिसत होते ते पाच वाजण्याआधीचे आकडे. नवीन काही आलं नाही तर जुनंच दाखवत राहायचं, असा त्या पडद्याचा स्वभाव होता. रविवारी सहा नंबरच्या खोलीचं थंड करणारं यंत्र बंद पडलं. हे वर्षातून दोनदा व्हायचंच. एरवी लगेच धोक्याची घंटा वाजायची, कोणीतरी धावत जाऊन ते चालू करायचं. यावेळी घंटा वाजली नाही. सोमवारी सकाळी सात वाजता खोली उघडली तर आत बाहेरच्यासारखं ऊबदार होतं. आणि खोलीभर लसी. लहान मुलांच्या. सगळ्या फेकून द्याव्या लागल्या. सेन्सरांची वाहतूक तेव्हाच, सात वाजता बंद केली, आणि माणसं थर्मामीटर घेऊन खोल्याखोल्यांतून फिरू लागली.

दहा वाजता मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बसवलं. लांब टेबलाच्या एका टोकाला झिपरी, दुसऱ्या टोकाला, दाराजवळ, नंबरदादा. बैठकीत त्यांना कधी बोलवत नसत, त्यामुळे हात कुठे ठेवायचे तेच त्यांना कळत नव्हतं.

"सेन्सरांची पाकिटं आली का नाहीत?" साहेबांनी विचारलं.

झिपरीने सकाळपासून तपासलं होतं. तिच्या सर्व्हरपर्यंत तीस नंबरचं एकही पाकीट पोचलं नव्हतं, एकही नाही! आणि चाचणीची बिनटॅगची मात्र सगळी येत होती. पहिलं मोठं काम, आणि सगळे तिच्याकडेच बघतायत.

"बोगदा ठीक आहे, सर," ती म्हणाली. "पलीकडूनच टॅग लागून येत नाहीयेत. शनिवारी जुन्या स्विचच्या तारा काढून लावल्या होत्या. तिथेच काहीतरी चुकलंय."

तिने नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

नंबरदादांनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, दुखावूनही नाही. विचारल्यासारखं बघितलं, जणू पलीकडच्या टोकाला ती उभी आहे आणि आता नंबर वाचून दाखवणार आहे. तिने नजर लॅपटॉपवर वळवली.

"असेल," ते म्हणाले. "माझ्याकडून राहिलं असेल."

त्याच दिवशी त्यांचा जुना स्विच काढून टाकला. घाईघाईत सेन्सर थेट नव्या स्विचमध्ये खुपसले, बिनटॅगचे. आणि काय आश्चर्य, आकडे धडाधड येऊ लागले! मग तर शंकेला जागाच उरली नाही. जुना स्विच गेला, काम सुरू झालं, म्हणजे दोष जुन्या स्विचचा आणि तो लावणाऱ्या हातांचा. निवृत्तीला आठ महिने होते. साहेबांनी सौम्य शब्दांत सांगितलं की आता विश्रांती घ्या. हार, फोटो, एक भिंतीवरचं घड्याळ. फोटोत झिपरी त्यांच्या शेजारी उभी आहे.

घरी ते विचित्र वागू लागले. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. दाराला कुलूप लावून जिना उतरायचे, पुन्हा वर चढून कुलूप ओढून बघायचे. गॅस बंद केला तरी आईला हाक मारायचे, "बघ गं, मी नीट फिरवलंय का?" एकदा दिवाणखान्यातला दिवा गेला. नवा दिवा त्यांनी हातात घेतला, स्टुलाकडे बघितलं आणि दिवा टेबलावर ठेवून दिला.

"वायरमनला बोलव," ते म्हणाले.

"दिव्याला वायरमन?" आई हसली. मग त्यांचा चेहरा बघून तिचं हसू विरून गेलं.

झिपरीला हे सगळं दिसत होतं. पण तिच्या मनाने त्याला सोयीचं नाव दिलं होतं: वय.

सात महिन्यांनी कंपनीने तिसरी इमारत घेतली, आणि ओव्हरलेचं काम पुन्हा झिपरीकडे आलं. सोबतीला टीममधला चष्मिस. नवी कोरी इमारत, नवे कोरे स्विच, खोक्यातून नुकतेच काढलेले. तिने बोगदा सुरू केला. चाचणीचं बिनटॅगचं पाकीट गेलं. हिरवा ठिपका. टॅगची पाकिटं मात्र गायब.

"हे म्हणजे तुझ्या बाबांच्या वेळेसारखंच झालं की," चष्मिस सहज बोलून गेला. "पण हा स्विच तर आज सकाळी उघडला. इथे कोणाचा हात लागलाय?"

झिपरी बोगद्याच्या पोचण्याच्या टोकाचं एक एक सेटिंग उघडून बघू लागली. आणि मग ती ओळ दिसली. लिफाफा फोडल्यावर आत टॅग असलेलं पाकीट सापडलं, आणि ते राहू दे असं कोणी सांगितलेलं नसलं, तर ते फेकून द्यायचं. ओरडायचं नाही, कळवायचं नाही. फक्त फेकलेल्यांची मोजणी एका कोपऱ्यात ठेवायची. पाठवण्याच्या टोकाला तिने 'आतला टॅग राहू दे' अशी खूण केली होती. पोचण्याच्या टोकाला करायची ती विसरली होती. आणि ही चूक तिच्या स्वतःच्या तयार नमुन्यातली होती. पहिल्या वेळेचा नमुना तिने जसाच्या तसा इथे आणला होता.

मोजणीचा आकडा तिच्या डोळ्यांसमोर वाढत होता. बारा, तेरा, चौदा.

तिने खूण केली. आकडा थांबला. पाकिटं येऊ लागली.

"सापडलं! भारीच गं!" चष्मिस म्हणाला. तिने पहिल्या बोगद्याचं पोचण्याचं टोक उघडलं, ते मशीन मधल्या काळात एकदाही बंद करून चालू केलं नव्हतं, त्यामुळे मोजणी पुसली गेली नव्हती. खूण केलेली नव्हती. कोपऱ्यात मोजणी होती, सात महिन्यांपासून एका जागी थिजलेली. एक्केचाळीस हजार शहात्तर.

याच्यानंतर तिने काय करायला हवं होतं ते कोणालाही कळेल. तिने केलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, रविवारी निवांत सांगू, बाबांना बरं नाहीये, आईची पाठ दुखतेय. अकरा दिवस! जेवताना ती भाजीकडे बघून जेवायची. रात्री उशी कुस्करायची. नोकरी जाईल याची भीती होती, पण खरी भीती ती नव्हतीच. खरी भीती ही होती की बाबा तिच्याकडे पुन्हा तसंच, विचारल्यासारखं बघतील.

बाराव्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. दाराची घंटा वाजत नव्हती.

"दादा, जरा बघता का? तुमच्या डाव्या हातचा मळ."

"नको हो," नंबरदादा म्हणाले. "माझ्या हातून आता चुका होतात. उगाच शॉर्ट वगैरे व्हायचं. तुमच्याकडे नातवंडं आहेत."

काकू गेल्या. नंबरदादांच्या आवाजात ना तक्रार होती, ना नाटक. पाऊणशे माणसांच्या गोदामाला ज्याने वायरीवायरीने बांधलं, तो माणूस एक डोअरबेल उघडायला घाबरत होता, आणि ते त्याने मान्यही करून टाकलं होतं. झिपरी खुर्चीवरून उठली आणि त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली.

"बाबा, तुमच्या हातून चूक झालीच नव्हती. माझ्या हातून झाली होती."

तिने सगळं सांगितलं. लिफाफा, आतला टॅग, न केलेली खूण, फेकलेली पाकिटं. अकरा दिवसही सांगितले. आई स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभी होती, हातांवरचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

नंबरदादांनी एकच विचारलं, "साहेबांना सांगितलंस?"

"उद्या सांगणार."

"हं," ते म्हणाले, आणि उठून आत गेले.

तो 'हं' तिने रात्रभर उलटासुलटा करून बघितला. त्यात क्षमा कुठेच सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"अगं, सात महिने झाले. त्यांच्या जागी माणूसही आला. आता हे उकरून काय मिळणार? तुझंच नाव खराब होईल."

"माझंच व्हायला हवं, सर. त्यांचं झालं ते माझ्या वाट्याचं होतं."

तिने लिहून आणलेला कागद पुढे केला. त्याच लांब टेबलाशी, त्याच माणसांसमोर तो वाचायला तिने परवानगी मागितली. साहेबांनी दिली. यावेळी माना तिच्याकडे वळल्या. पुढच्या महिन्यापासून तिच्याकडून मोठी कामं काढून घेतली, आणि तिने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पण कामं गेली ती नंतर. त्या दिवशी घरी येऊन तिने कागद वाचल्याचं सांगितलं, तेव्हा नंबरदादा म्हणाले, "मला तो आकडा बघायचाय."

शनिवारी ती त्यांना नव्या इमारतीत घेऊन गेली. दाराशी जुन्या गोदामातला पहारेकरी होता. तो ताडकन उभा राहिला, मग ओशाळून म्हणाला, "दादा, तुम्हाला... पास करावा लागेल." त्यांनी पास घेतला. पाहुणा, असं लिहिलेला.

तिने त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि पडद्यावरची ओळ दाखवली. त्यांनी खिशातून पेन काढलं, पास उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागले. जुनंच, गोलसर, ठसठशीत अक्षर.

"शनिवार पाच ते सोमवार सात. अडतीस तास. म्हणजे दोन हजार दोनशे ऐंशी मिनिटं," ते पुटपुटले. "सेन्सर अठरा. प्रत्येकाचं मिनिटाला एक." गुणाकार करून त्यांनी खाली रेघ मारली. "एक्केचाळीस हजार चाळीस."

मग पडद्याकडे बघितलं. "वरची छत्तीस कसली?"

"पत्ता विचारणारी. प्रत्येक सेन्सर सुरुवातीला विचारतो ना, कुठे पाठवू म्हणून. उत्तर आलं नाही, म्हणून दोनदा विचारलं असेल, मग आधीच्याच पत्त्यावर पाठवत राहिला."

"अठरा दुणे छत्तीस," ते म्हणाले. "बरोबर."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे मी पाठवली होती. सगळी. तीस नंबर लावून. एकही राहिलं नव्हतं."

"नाही, बाबा. एकही नाही."

"आणि हा आकडा त्या सोमवारीही इथे होता."

"हो."

"तू दहा वाजता टेबलाशी बोललीस, तेव्हाही."

"हो, बाबा."

ती वाट बघत राहिली. ओरडतील, निदान झिपरे म्हणतील. ते पडद्यावरच्या त्या न हलणाऱ्या आकड्याकडे बघत बसले. तिला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. हात उचललाही गेला. पण सात महिने ज्या हातांनी दिवाही बसवला नव्हता ते टेबलावर पालथे पडलेले दिसले, आणि तिचा हात मधेच थांबला.

"निघायचं का?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"तू जा पुढे," ते म्हणाले. "मी बसतो जरा."